नऊ महिन्यांचा हिशेब कोण देणार?

आपल्या देशात खेळाडूच्या गुडघ्याचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील गुडघ्याची बातमी पहिल्या पानावर येते. ३० डिसेंबर २०२२ रोजी क्रिकेटपटू ऋषभ पंत यांच्या मोटारीला अपघात झाला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत त्यांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली महिनोन्महिने पुनर्वसन चालले. मार्च २०२४ मध्ये ते पुन्हा मैदानात उतरले आणि त्याच वर्षी जूनमध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या टी-ट्वेंटी संघात होते. नीरज चोप्रा यांच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईतच शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर भालाफेक करून टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. पुढचा इतिहास शाळकरी मुलांनाही पाठ आहे. या दोन्ही कथा अभिमानास्पद आहेत यात शंका नाही. भारतीय खेळाडू भारतीय शल्यचिकित्सकाच्या हातून बरा होऊन जग जिंकू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले.

दुसऱ्या वर्गातील गुडघा मात्र कोणाच्याही खिजगणतीत नसतो. तो तालुक्याच्या कबड्डी संघातील चढाईपटूचा असतो, खो-खोत खांबाला वळसा घालताना पाय मुरगळलेल्या मुलीचा असतो, तालमीत घाम गाळणाऱ्या मल्लाचा असतो. त्याची बातमी होत नाही. 'पोराचा पाय गेला' एवढ्या तीन शब्दांत गाव त्याची क्रीडाकारकीर्द मिटवून टाकते आणि पुढच्या चढाईकडे पाहू लागते.

हा पाय खरोखर 'गेलेला' असतो काय? येथेच आपल्या क्रीडाव्यवस्थेचे अज्ञान आणि अनास्था दोन्ही उघडी पडतात.

कबड्डीतील ही इजा बहुतेक वेळा एकाच रीतीने होते. चढाईपटू मध्यरेषेकडे परतताना एकदम दिशा बदलतो. पाऊल जमिनीवर रुतलेले असते आणि देह फिरलेला असतो. मातीच्या मैदानावर पाऊल थोडेफार सरकते. मॅटवर बुटाची पकड घट्ट असल्याने ते सरकत नाही आणि सगळी पीळ गुडघ्यात उतरते. 'कट्' असा आवाज अनेकदा खेळाडूला स्वतःला ऐकू येतो. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या मधोमध तिरपे जोडणारा, नडगीला पुढे सरकू न देणारा जो अस्थिबंध, ज्याला वैद्यकात अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट किंवा थोडक्यात एसीएल म्हणतात, तो तुटलेला असतो. काही तासांतच गुडघा फुगतो.

यानंतर जे घडते ते अधिक क्लेशदायक आहे, कारण ते टाळता येण्याजोगे असते. दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते. मुलगा सरळ रस्त्यावर नीट चालू लागतो, सायकल चालवतो, जिना चढतो. घरच्यांना वाटते, बरा झाला. कोणी हळदीचा लेप सुचवलेला असतो, कोणी पाय 'बसवून' आणण्यास सांगितलेले असते. पारंपरिक हाडवैद्यांचे निखळलेला सांधा बसवण्याचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु तुटलेला अस्थिबंध हा काही जागचा हललेला दगड नव्हे, की पुन्हा बसवावा. ओढाताणीने सुजलेल्या सांध्याची हानीच होते. मग संघाचा व्यवस्थापक निरोप धाडतो, उपांत्य सामना आहे. गुडघ्याला पट्टी बांधून, वेदनाशामक गोळी घेऊन मुलगा उतरतो, पहिल्याच वळणावर गुडघा सटकतो आणि या वेळी अस्थिबंधासोबत सांध्यातील चंद्रकोरीसारखी गादी, मेनिस्कस, चिरडली जाते. पहिली इजा दैवाची म्हणता येईल. दुसरी संघाने केलेली असते.

पुढचा टप्पा पैशांचा. गावकरी वर्गणी काढतात, एखादा लोकप्रतिनिधी मदतीचा धनादेश देतो, छायाचित्र निघते, शहरातील रुग्णालयात शस्त्रक्रिया पार पडते. आठवड्याच्या आत मुलगा कुबड्यांवर घरी येतो. हातात एक कागद असतो, त्यावर आठ-दहा व्यायामांची चित्रे छापलेली असतात. आणि येथे सगळ्यांचे कर्तव्य संपते! शस्त्रक्रियेला दाता मिळतो. त्यानंतरच्या नऊ महिन्यांना मिळत नाही. शल्यचिकित्सक दीड-दोन तासांत नवा अस्थिबंध बसवतो. तो स्वतःच्याच शरीरातून काढलेला स्नायुरज्जूचा तुकडा असतो. या कलमाला जीव धरायला, सांध्याशी एकरूप व्हायला वर्षभराचा किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि पहिल्या काही महिन्यांत ते प्रत्यक्षात कमकुवतच होत जाते. नेमके याच काळात दुखणे कमी झालेले असल्याने खेळाडूला वाटते, आपण धावू शकतो. याच काळात त्याच्याजवळ कोणी जाणकार नसतो.

जगभराचा अनुभव याविषयी पुरेसा बोलका आहे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की या शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळात परतणाऱ्यांचे प्रमाण अवघे ५५ टक्के आहे. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही जवळजवळ निम्मे परतत नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासाने दाखवले, की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके लांबवावे, तितका प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचा धोका सुमारे निम्म्याने उतरतो. स्वीडनमधील २०१० चा अभ्यास तर आणखी विचारात पाडणारा आहे. व्यावसायिक खेळाडू वगळून इतर तरुण, क्रियाशील रुग्णांपैकी ज्यांना आधी पद्धतशीर व्यायाम आणि गरज भासलीच तर नंतर शस्त्रक्रिया, असा मार्ग दिला, त्यांतील साठ टक्क्यांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया लागलीच नाही. कबड्डीसारख्या पीळ देणाऱ्या खेळात अनेकांना शस्त्रक्रिया करावीच लागेल हे खरे. पण व्यायाम हा शस्त्रक्रियेनंतर चघळायचा शिळा घास आहे, ही आपल्याकडील समजूत किती पोकळ आहे हे त्यातून दिसते.

मीराबाई चानू यांचे उदाहरण या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारे आहे. खांद्याच्या आणि पाठीच्या तक्रारींनी त्या बेजार होत्या. पाठीमुळे २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेला त्या मुकल्या. २०२० च्या अखेरीस त्या अमेरिकेतील सेंट लुइस येथे ॲरन हॉर्शिग यांच्याकडे गेल्या. हॉर्शिग हे स्वतः भारोत्तोलक राहिलेले भौतिकोपचारतज्ज्ञ. तेथे शस्त्रक्रिया झाली नाही. कोणता स्नायू कमी काम करतो, कोणता जास्त ओढतो, हे पाहून नेमके व्यायाम दिले गेले. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम केला आणि जुलैमध्ये टोकियोत एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक जिंकले. देशाने त्यांना तेथे पाठवले, हे योग्यच झाले. प्रश्न असा आहे, की पाहणारा जाणता डोळा, शिस्तबद्ध व्यायाम आणि सातत्य या तीन गोष्टी मिळवण्यासाठी भारताच्या कन्येला सातासमुद्रापार का जावे लागावे? ज्या देशाने देहाच्या स्थितीचे, श्वासाचे आणि अवधानाचे शास्त्र जगाला दिले, त्या देशाला?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन बाजूंनी दोन चुकीची उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर इंग्रजी पुस्तकांवर पोसलेल्या आणि आपल्या मातीतील प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहणाऱ्या वर्गाचे. या वर्गाच्या लेखी योग म्हणजे २१ जूनला सतरंजीवर बसून काढायची छायाचित्रे. तोच योग परदेशी प्रशिक्षकाने नवे नाव देऊन, रबरी पट्ट्यांसकट विकला की मग तो 'शास्त्रीय' ठरतो. या मंडळींना पुण्यातील एका इमारतीची आठवण करून द्यावी लागते. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. १९५२ मध्ये जगद्विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांच्याकडे आले, तेव्हा शारीरिक तक्रारींनी आणि थकव्याने त्रासले होते. पुढे मेन्युहिन यांनीच त्यांना युरोपात नेले. ज्याचे शरीर वाकत नाही, त्याला आसनात कसे न्यावे, या प्रश्नातून अय्यंगारांनी दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या आणि तक्के यांची एक संपूर्ण साधनपद्धती उभी केली. दुखावलेल्या अवयवाला आधार द्यायचा, त्याच्यावरील भार मोजूनमापून वाढवायचा आणि आधार हळूहळू काढून घ्यायचा, हे तिचे सूत्र. कोणत्याही भौतिकोपचार महाविद्यालयात पुनर्वसनाचे जे तत्त्व शिकवतात, त्याहून हे निराळे आहे काय? १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातानंतर खुद्द अय्यंगारांना साठी ओलांडल्यावर आपली साधना पुन्हा पायापासून उभारावी लागली होती. वयाच्या ९५ व्या वर्षी, २०१४ मध्ये, त्यांचे निधन झाले.

दुसरे उत्तर आपल्यातल्याच उत्साही मंडळींचे आहे आणि त्याची चिकित्सा अधिक कठोरपणे व्हायला हवी, कारण ते आपल्यातले आहे. 'योगाने सर्व काही बरे होते' हे ते उत्तर. सहा आठवड्यांचे शिबिर करून आलेला योगशिक्षक एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला तिसऱ्या महिन्यात वज्रासनात बसवतो, पद्मासन जमत नाही म्हणून गुडघ्यावर हात ठेवून दाबतो आणि वर 'श्रद्धा ठेव' असे सांगतो. वज्रासनात, वीरासनात गुडघा पूर्ण मुडपतो. पद्मासनात मांडी पुरेशी वळली नाही की पीळ गुडघ्यात येतो. ज्या गुडघ्यात कोवळे कलम आणि शिवलेली गादी आहे, त्याच्यावर हा सरळ अत्याचार आहे. पतंजलींनी आसनाला स्थैर्य आणि सुख अशा दोन अटी घातल्या आहेत. वेदनेने तोंड वाकडे झालेला मुलगा त्यांपैकी कोणती पूर्ण करतो? कमरेतील चकतीचा त्रास असलेल्या गोलंदाजाला पश्चिमोत्तानासनात वाकवणारेही याच पंथाचे. अशा एका प्रकाराने शास्त्राची जी अप्रतिष्ठा होते, ती शंभर टीकाकारांना साधत नाही.

या मंडळींनी लोणावळ्याकडे पाहावे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांचे शिष्य. व्यायामशाळेच्या मातीत घडलेले. त्यांनी १९२४ मध्ये कैवल्यधामाची स्थापना केली, तेव्हा आश्रमासोबत प्रयोगशाळा उभारली आणि 'योगमीमांसा' हे संशोधनाला वाहिलेले नियतकालिक काढले. उड्डियान आणि नौली करताना पोटातील दाब किती बदलतो, हे त्यांनी उपकरणांनी मोजले, क्ष-किरणांनी पाहिले. पारतंत्र्याच्या काळात, तुटपुंज्या साधनांनिशी! शंभर वर्षांपूर्वी जो संन्यासी मोजल्याशिवाय बोलत नव्हता, त्याचे नाव घेणाऱ्यांनी आज मोजमाप टाळावे, याला परंपरेचा अभिमान म्हणत नाहीत.

मग योगाचे या नऊ महिन्यांतील खरे स्थान कोणते? ते नीट सांगितले पाहिजे, कारण ते लहान नाही. तुटलेला अस्थिबंध ही नुसती दोरी नसते; सांधा कोणत्या कोनात आहे याची मेंदूला वर्दी देणारे मज्जातंतूंचे टोक त्यात असते. तो तुटला की गुडघा जणू आंधळा होतो. ही जाणीव परत आणण्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाला एका पायावर उभे करतात, मग डोळे मिटायला सांगतात. वृक्षासन दुसरे काय आहे? ताडासनात दोन्ही पायांवर भार सारखा येतो की नाही हे पाहता येते. शस्त्रक्रिया झालेला खेळाडू नकळत चांगल्या पायावर रेलत असतो. सेतुबंधाने नितंबाचे स्नायू जागे होतात, भिंतीच्या आधाराने आणि मर्यादित खोलीपर्यंत केलेल्या उत्कटासनाने मांडी बळावते. हे सर्व क्रमाने आणि तज्ज्ञाच्या संमतीने. आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले क्रीडाजगत पाहतच नाही. ती म्हणजे भीती. जे ४५ टक्के परतत नाहीत, त्यांतील अनेकांचा गुडघा बरा असतो. मन कच खाते. पुन्हा तसाच 'कट्' आवाज येईल, या धास्तीने चढाईपटू मध्यरेषेवरच अडखळतो. दीर्घ श्वसन, शवासन, अवधान यांचा या भीतीवर किती उपयोग होतो, याचे मोठे प्रयोग भारतातच, भारतीय खेळाडूंवर व्हायला हवेत. जुन्या कंबरदुखीसाठी अमेरिकेतील चिकित्सकांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांत योगाचा समावेश केला. गुडघ्यासाठी ते काम पुण्या-नागपुरात का होऊ नये?

योगाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. उडी मारून जमिनीवर कसे उतरावे, वेगात असताना दिशा कशी बदलावी, हे आसन शिकवत नाही. वाळलेली मांडी पूर्ववत भरण्यासाठी वाढते वजन लागते. आपल्या आखाड्यांतील बैठकांनी पिढ्यान्‌पिढ्या मांड्या घडवल्या. योग्य वेळी, योग्य खोलीपर्यंत, त्या आजही घडवतील. पण कोणती वेळ योग्य, हे ठरवणारा शिकलेला माणूस जवळ हवा. भारतात भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. आज महाराष्ट्रात या विषयाची महाविद्यालये पुष्कळ आहेत, २०२१ मध्ये केंद्राने या व्यवसायासह संलग्न आरोग्यसेवांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदाही केला. पदवी घेतलेले तरुण-तरुणी शहरात अल्प वेतनावर राबतात किंवा परदेशाची वाट धरतात. आणि तालुक्याच्या क्रीडासंकुलात प्रेक्षागृह असते, प्रवेशद्वारावर कमान असते, भौतिकोपचारतज्ज्ञ मात्र नसतो.

यात पैशाची सबब सांगितली जाईल. ती खरी नाही. खेळाडू मैदानात परतण्यास योग्य झाला की नाही, हे ठरवणाऱ्या मुख्य चाचण्यांपैकी एक अशी: जमिनीवर खडूने रेघ मारायची, आधी निरोगी पायावर लंगडी उडी घ्यायला लावायची, अंतर मोजायचे, मग दुखावलेल्या पायावर. दुसरे अंतर पहिल्याच्या किमान नव्वद टक्के भरले पाहिजे. अशा तीन-चार प्रकारच्या उड्या, मांडीचा घेर, एका पायावर खुर्चीतून उठणे. खडू, मोजपट्टी आणि खुर्ची. सोबत मांडीच्या ताकदीचे मोजमाप झाले तर उत्तमच. पण ज्या मैदानावर ध्वनिक्षेपकासाठी, मंडपासाठी आणि पाहुण्यांच्या फेट्यांसाठी हजारो रुपये निघतात, तेथे मोजपट्टी परवडत नाही असे कोण म्हणेल?

सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांनीही येथे स्वतःकडे पाहण्यासारखे आहे. २००४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचे कोपर दुखावले, तेव्हा 'टेनिस एल्बो' हा शब्द महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचला होता. शब्द पोहोचला, समज पोहोचली नाही. आजही निवड चाचणी आठवड्यावर आली की पालक मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जातात आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन मागतात. टेनिस एल्बोत या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, पण वर्षभरानंतर इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळते, हे अभ्यासांनी दाखवून दिले आहे. वाढत्या वयातील गोलंदाजाची पाठ सतत दुखत असेल तर मणक्याला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. त्याला विश्रांती आणि नंतर कंबरेच्या बळकटीचे व्यायाम हवेत, गोळी नको. पण विश्रांती दिली तर शेजारच्याचा मुलगा संघात जाईल ना!

ग्रामीण खेळाडूचे पणाला लागलेले याहून मोठे असते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ आहेत. २०१४ पासून प्रो कबड्डीचे दार उघडले आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातील मुलासाठी कबड्डी हा छंद नसून घराला स्थैर्य देणारा एकमेव मार्ग असू शकतो. त्याचा गुडघा गेला, तर एका कुटुंबाची शक्यता जाते. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डीचे प्रात्यक्षिक करून जगाला आपला खेळ दाखवला. या खेळाचा अभिमान मिरवणाऱ्या महाराष्ट्राने तो खेळणाऱ्याच्या पायाची काळजी एवढी परकी का मानावी?

मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक तालुका क्रीडासंकुलात आठवड्यातून ठरलेले दोन दिवस भौतिकोपचारतज्ज्ञ बसवा; पदवीधर मिळत नाहीत ही तक्रार या राज्यात तरी कोणी करू नये. शस्त्रक्रियेसाठी जो मदतनिधी देईल, त्याने नऊ महिन्यांच्या उपचाराचा खर्च त्यातच धरावा. योगशिक्षकांच्या अभ्यासक्रमात सांध्यांच्या इजा आणि निषिद्ध आसने यांची परीक्षा सक्तीची करा आणि ती उत्तीर्ण झालेल्यालाच जखमी खेळाडूला हात लावू द्या. स्पर्धेच्या आयोजकांनी बक्षिसाच्या रकमेतून एक हिस्सा जखमी खेळाडूंसाठी आधीच बाजूला काढावा. आणि कोणत्याही संघाने, मग तो गावचा असो वा जिल्ह्याचा, एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खडूच्या रेघेवर उडी मोजल्याशिवाय खेळाडूला मैदानात उतरवू नये. उतरवल्यास जिल्हा संघटनेने त्या संघव्यवस्थापकाला जाब विचारावा.

कबड्डीचा हंगाम दिवाळीनंतर तापतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला पावसाळा धरून नोव्हेंबरपर्यंत बरोबर नऊ महिने मिळतात. या वर्षीच्या यादीतून ज्यांची नावे गुडघ्यामुळे खोडली गेली, ते मुलगे आज कोठे आहेत आणि त्यांच्या व्यायामाची नोंद कोणाच्या वहीत आहे, हे प्रत्येक मंडळाच्या कार्यवाहांनी येत्या बैठकीत सांगावे.